डबा केवढा, भूक केवढी?

कॉम्प्युटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? एक पडदा, एक कीबोर्ड, एक माऊस आणि टेबलाखाली ठेवलेला भला मोठा पत्र्याचा खोका. बरोबर? पण हा खोका आता आक्रसत चालला आहे, बरं का! जेवणाच्या डब्याएवढे कॉम्प्युटर बाजारात मिळतात. काही तर तुमच्या वहीपेक्षाही लहान असतात. मूर्ती लहान पण कीर्ती महान!

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवरच्या शाळांना असा छोटा कॉम्प्युटर फार सोयीचा. दोन खोल्यांच्या शाळेत तो जागा अडवत नाही. शाळा सुटली की उचलून लोखंडी कपाटात ठेवता येतो, कुलूप लावता येतं. पावसाळ्यात पत्रा गळायला लागला तर एका हाताने उचलून कोरड्या कोपऱ्यात नेता येतो. शिवाय असा कॉम्प्युटर सुटे भाग आणून, जुळवून घरीसुद्धा करता येतो. मोठी मुलं आणि त्यांचे पालक हौसेने करतातही.

पण इथेच एक गंमत होते. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा केवढा, यावर घरात दोन-दोन दिवस चर्चा चालते. आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा जो भाग, तो मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत आणला जातो. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात. दिसायला साधा डबा. पण तो बिघडला तर एकटा जात नाही. जाताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो. गावाने वर्गणी काढून शाळेला कॉम्प्युटर दिला असेल, किंवा वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून पैसे बाजूला काढले असतील, तर हे नुकसान साधं नाही. म्हणून आज या डब्याची गोष्ट.

डब्यात होतं काय?

आपल्या घरातल्या बोर्डात २३० व्होल्टची वीज असते. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे अशी डुलते. कॉम्प्युटरच्या पोटातल्या भागांना मात्र हे डुलणं चालत नाही. त्यांना हवी सरळ, एकाच दिशेने वाहणारी वीज. तीही थोडीथोडकीच: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. मोठ्या विजेची छोटी, सरळ वीज करून देणं हे या डब्याचं काम.

तुमच्या आजोबांना विचारा, पूर्वी रेडिओला एलिमिनेटर लावायचे. हातात घेतला की दगडासारखा जड! त्यात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असायचा. वीज सेकंदाला फक्त ५० वेळा डुलत असेल तर ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो. हेच डुलणं हजारो पटींनी वाढवलं तर तेच काम काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर करतो. एसएमपीएसची युक्ती हीच. तो आधी २३० व्होल्टची वीज सरळ करतो. ती साधारण ३२५ व्होल्ट भरते. मग इलेक्ट्रॉनिक बटणाने तिचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर तुकडे पाडतो. हे तुकडे चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून जातात आणि पलीकडे १२ व्होल्ट होऊन बाहेर पडतात.

१९७७ साली अमेरिकेत ॲपल-२ नावाचा कॉम्प्युटर आला. तो टेबलावर मावेल असा छोटा हवा होता आणि त्यात पंख्याची घरघर नको होती. म्हणून रॉड होल्ट या इंजिनिअरने त्याच्यासाठी याच युक्तीचा हलका आणि कमी तापणारा वीजपुरवठा तयार केला. म्हणजे बघा, कॉम्प्युटर लहान व्हायचा असेल तर आधी त्याचा वीज-डबा लहान व्हावा लागतो!

फूटपट्टी घ्या

आता कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी काढा. छोट्या कॉम्प्युटरसाठी मिनी-आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड मिळतो. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली तो आणला. तो १७ सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षा फक्त दोन सेंटिमीटर जास्त.

आणि वीज-डबा? नेहमीच्या मोठ्या कॉम्प्युटरमधला एटीएक्स जातीचा डबा १५ सेंटिमीटर रुंद, १४ सेंटिमीटर लांब आणि ८.६ सेंटिमीटर उंच असतो. गुणाकार करा. १,८०६ घन सेंटिमीटर! म्हणजे पावणेदोन लिटरहून जास्त. छोट्या खोक्यात तो कोंबायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

त्याचा धाकटा भाऊ एसएफएक्स. मापं १२.५, १० आणि ६.३५ सेंटिमीटर. गुणाकार येतो सुमारे ७९४, म्हणजे पाऊण लिटरहून थोडा जास्त. त्याहून धाकटा फ्लेक्स-एटीएक्स. तो १५ सेंटिमीटर लांब असला तरी फक्त ८.१५ रुंद आणि ४.०५ उंच असतो. गुणाकार सुमारे ४९५, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर.

आणखी एक प्रकार म्हणजे डबा आत ठेवायचाच नाही! लॅपटॉपला असतो तसा अ‍ॅडॅप्टर बाहेर जमिनीवर राहतो आणि आत येते फक्त एक वायर. तयार मिळणारे बहुतेक छोटे कॉम्प्युटर असेच चालतात.

मग सगळ्यात लहान तो सगळ्यात चांगला का? तसं नाही. फ्लेक्सच्या डब्यात पंखाही लहानच मावतो, सुमारे ४ सेंटिमीटरचा. लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायचा तर फार जोरात फिरावं लागतं. मग वर्गात भुंगा शिरल्यासारखा आवाज येतो. एसएफएक्समध्ये ८ ते ९ सेंटिमीटरचा किंवा त्याहून मोठा पंखा बसतो, तो सावकाश फिरूनही पुरतो. अ‍ॅडॅप्टरला पंखाच नसतो, त्यामुळे आवाज नाही आणि पंख्यातून धूळही आत ओढली जात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात मैदानावरून उडणारी धूळ तुम्हाला ठाऊकच आहे.

आधी भूक मोजा

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तुम्ही पाठ केली आहे. इथे ती उलटी करायची. आधी पाय मोजायचे, मग अंथरूण आणायचं!

आमच्या सातवीच्या वर्गात आम्ही हे गणित फळ्यावर मांडलं होतं. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट असं लिहिलेलं असतं. पण तो जोरात काम करायला लागला की त्याहून जास्त खातो, म्हणून ९० धरले. मदरबोर्ड आणि मेमरी मिळून ३०. एसएसडी म्हणजे साठवणीचा भाग, त्याचे ५. पंख्यांचे ५. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांचे १०. बेरीज झाली १४०.

लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, पडद्याचं काय?” प्रश्न अगदी योग्य होता. पडद्याची पिन वेगळी असते, तो बोर्डातून वीज घेतो. म्हणून या बेरजेत तो येत नाही. यूपीएसचा हिशेब करताना मात्र त्याला धरायचं.

मग १४० वॅटचाच डबा आणायचा का? नाही. बैलाला रोज ओढता येईल तेवढं ओझं एकदाही न थांबता ओढायला लावत नाहीत. डब्यावरही त्याच्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा. १४० ला ०.७ ने भागा. उत्तर २०० वॅट. म्हणजे २०० वॅटच्या पुढचा चांगला एसएफएक्स डबा या कॉम्प्युटरला पुरला. ६५० किंवा ७५० वॅटची गरजच नाही.

तुमचं काम फक्त लिहिणं-वाचणं, चित्रं काढणं, धड्यांचे व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर ३५ वॅटचे प्रोसेसरही मिळतात. मग बेरीज ८०-८५ पर्यंतच जाते आणि १२० वॅटचा अ‍ॅडॅप्टर सहज पुरतो. पण घरातल्या दादाला खेळांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल, तर गणित पुन्हा मांडायला हवं. फक्त मदरबोर्डमधून वीज घेणारं साधं कार्डसुद्धा ७५ वॅटपर्यंत खातं. मोठी कार्डं तर त्याच्या कितीतरी पट.

दिसतं तसं नसतं

डब्यावर ठळक अक्षरांत एक आकडा असतो. समजा, ४५० वॅट. त्यावर एकदम विश्वास ठेवू नका. शेजारीच बारीक अक्षरांचा तक्ता असतो, तो वाचा. त्यात १२ व्होल्टची ओळ शोधा आणि पुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. समजा, तिथे १४ अँपिअर आहेत. १२ गुणिले १४ किती? १६८! आजच्या कॉम्प्युटरची मुख्य भूक १२ व्होल्टचीच असते. मग बाहेरचे ४५० काय कामाचे? पाटीवर ‘भव्य’ लिहिलं म्हणून दुकान भव्य होत नाही.

काही जुन्या पद्धतीच्या डब्यांवर मागे एक छोटं लाल बटण असतं. त्यावर ११५ आणि २३० असे दोन आकडे असतात. ते चुकून ११५ वर गेलं आणि पिन लावली, तर आपल्या विजेने डबा फट्‌कन उडतो. शक्यतो १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेला डबा घ्यावा. त्याला बटण लागत नाही. आणि रब्बीत सगळीकडे मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं आणि वर्गातला दिवा मिणमिणायला लागला, तरी असा डबा तग धरतो.

उन्हाळा आणि विजेचं बिल

डबा घेतो तेवढी सगळी वीज पुढे देत नाही. थोडी उष्णता होऊन वाया जाते. एक डबा शंभरातले ८० भाग पुढे देतो असं धरू. कॉम्प्युटरला १०० वॅट द्यायला तो बोर्डातून १२५ घेईल. म्हणजे २५ वॅट नुसती उष्णता. दुसरा ९० भाग पुढे देणारा. तो घेईल १११ आणि उष्णता होईल ११. दोघांत फरक १४ वॅटचा. रोज सहा तास, वर्षाला २२० दिवस कॉम्प्युटर चालला तर १४ गुणिले ६ गुणिले २२०, म्हणजे १८,४८० वॅट-तास. साडेअठरा युनिट! बिलात हा फरक लहान वाटेल. पण खरा फरक पडतो उष्णतेचा.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. डब्यात कपॅसिटर नावाचे नळकांडीसारखे भाग असतात. ते वीज साठवतात, जसं रांजणात पाणी. साधारण नियम असा, की दहा अंशांनी उष्णता वाढली की या कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. लहान खोक्यात हवा कमी खेळते, म्हणून तिथे कमी तापणारा डबाच हवा. ‘८० प्लस’ असा शिक्का काही डब्यांवर असतो. २००४ साली सुरू झालेल्या या तपासणीत डबा वीज किती वाया घालवतो ते पाहिलं जातं. ब्राँझ, गोल्ड असे त्याचे दर्जे आहेत. गोल्ड म्हणजे निम्म्या भाराला सुमारे ९० टक्के वीज पुढे देणारा.

पाणीमहालाची भिंत

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नळदुर्गचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, तिथे बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी धबधबे धो-धो कोसळत असतात आणि आपण आतल्या खोलीत कोरडे उभे असतो! कशामुळे? मधल्या दगडी भिंतीमुळे. भिंत पक्की म्हणून आपण कोरडे.

एसएमपीएसमध्येही अशीच एक ‘भिंत’ असते. एका बाजूला ३२५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला १२ व्होल्ट. मध्ये ट्रान्सफॉर्मरमधलं विजेला अडवणारं आवरण आणि पट्टीवर राखलेलं काही मिलिमीटरचं मोकळं अंतर. आपण माऊसला, पेनड्राइव्हला हात लावतो तो या भिंतीच्या अलीकडून. डबा जितका छोटा, तितकी ही भिंत बांधायला जागा कमी आणि कौशल्य जास्त लागतं. नकली, अति स्वस्त मालात काटकसर होते ती इथेच. ती बाहेरून दिसत नाही. म्हणून छोटा डबा घेताना पैसे वाचवायचे तर वॅटमध्ये वाचवा, दर्जात नको. ७५० वॅटच्या नकली डब्यापेक्षा २०० वॅटचा अस्सल डबा हजारपट बरा.

आपल्या देशात कॉम्प्युटरच्या अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. पालकांच्या मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे ॲप घेऊन तो क्रमांक खरा की खोटा ते पाहता येतं.

भिंतीचा दुसरा भाग म्हणजे अर्थिंग. कधी कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. मुलं हसतात, पुन्हा पुन्हा हात लावतात. हा खेळ नव्हे! डब्यातली गाळणी थोडीशी वीज पत्र्याकडे पाठवते. अर्थिंग असेल तर ती निमूट जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर तुमच्या अंगातून वाट शोधते. आणि आतली मोठी तार कधी पत्र्याला टेकलीच, तर अर्थिंगशिवाय तो पत्रा जिवावर बेतू शकतो. तीन पिनांतली जाड, लांब पिन याचसाठी असते. बोर्डात बसत नाही म्हणून ती मोडून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्ही तसं कुणाला करू देऊ नका. झिणझिण्या आल्या की बटण बंद आणि गुरुजींना, घरी मोठ्यांना लगेच सांगायचं. दुरुस्ती वायरमनने करायची.

आणि हो, बंद डबासुद्धा कधीही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही कपॅसिटरच्या रांजणात वीज शिल्लक असते.

दुकानात काय विचाराल?

सोलापूर, लातूर, बार्शी, जिथे कुठे खरेदीला जाल तिथे हा कागद खिशात असू द्या.

१. खोक्यात कोणत्या जातीचा डबा बसतो? एसएफएक्स, फ्लेक्स की बाहेरचा अ‍ॅडॅप्टर? स्क्रूची भोकं जुळतात का?

२. आमची बेरीज इतकी वॅट आहे. १२ व्होल्टच्या ओळीत तेवढे अँपिअर आहेत का?

३. अ‍ॅडॅप्टर असेल तर मदरबोर्डला किती व्होल्ट हवेत? १९ च्या जागी १२ किंवा १२ च्या जागी १९ चालत नाही. पिनेची जाडी आणि अधिक-उणे खूणही जुळली पाहिजे.

४. वायरी पुरतील ना? आणि फार लांब तर नाहीत? लहान खोक्यात वायरींचा गुंता झाला की वारा अडतो.

५. यूपीएसवर चालतो का? लाइट गेली की यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ डब्यातला साठा पुरला पाहिजे. चांगला डबा पूर्ण भाराला साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. दुकानातच यूपीएसची पिन काढायला सांगा आणि कॉम्प्युटर चालू राहतो का ते पाहा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो. आपला कॉम्प्युटर आणि पडदा त्यात आरामात बसतात.

६. पक्कं बिल आणि हमीपत्र मिळेल ना?

घरी करून पाहा

येत्या रविवारी घरातले सगळे अ‍ॅडॅप्टर आणि चार्जर गोळा करा. मोबाइलचा, सेट-टॉप बॉक्सचा, असेल तर लॅपटॉपचा. मोठ्यांना सांगून आधी ते बोर्डातून काढून घ्या. वहीत चार रकाने आखा: वस्तू, व्होल्ट, अँपिअर, वॅट. लेबलवर ‘आउटपुट’ लिहिलं असेल तिथले आकडे घ्या आणि गुणाकार करा. मानक ब्युरोचं चिन्ह कुणावर आहे, कुणावर नाही, तीही खूण करा. ज्यावर चिन्हच नाही, असा एखादा अ‍ॅडॅप्टर सापडला तर तो आई-बाबांना दाखवा आणि हा लेख त्यांनाही वाचायला द्या.